दुरुस्ती आली, लावायची कुणी?

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की पवनार मागे पडतं, सेलू येतं आणि मग केळझर. टेकडीवरचा गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांत मोजतात, म्हणून चतुर्थीला रस्त्याच्या कडेनं गाड्या लागतात. एरवी गाव कापूस-सोयाबीनच्या हंगामावर चालतं. अशा गावातल्या कृषी केंद्राच्या मालकाला विचारा, तुमच्याकडे इंटरनेटला जोडलेल्या वस्तू किती? तो म्हणेल, एक कॉम्प्युटर आहे. मग काउंटरमागे जाऊन मोजायला लागा. भिंतीवर फायबरचा डबा. त्याच्यातच किंवा त्याच्या शेजारी वायफायचा राउटर. बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर. छताजवळ चार कॅमेरे आणि कपाटावर धूळ खात बसलेला, त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर. अनुदानाचं खत विकताना शेतकऱ्याचा अंगठा घेणारं पॉस मशीन. पैसे आल्याची हाक देणारा साउंडबॉक्स. मालकाचा फोन, मुलाचा फोन, हाताखालच्या माणसाचा फोन. पॉस मशीन आणि साउंडबॉक्सला बहुधा स्वतःचं सिम असतं. बाकी सगळा कारभार त्या एका राउटरमधून जातो.

यातली प्रत्येक वस्तू हा एक कॉम्प्युटरच आहे. आत प्रोग्राम आहे, तो माणसांनी लिहिलेला आहे आणि माणसांनी लिहिलेल्या लाखो ओळींत चुका राहतातच. काही चुका अशा असतात की त्यांतून बाहेरच्याला आत शिरता येतं. त्या लक्षात आल्या की कंपनी प्रोग्रामचा तेवढा भाग नव्यानं लिहून पाठवते. अपडेट म्हणजे मुख्यतः एवढंच. नवं रूप, नवे रंग, नवे इमोजी ही वरची सजावट. खरं काम भोकं बुजवण्याचं.

आता मोजलेल्या वस्तूंपैकी गेल्या वर्षभरात कोणकोणत्या अपडेट झाल्या? फोन बहुतेक आपला आपण झाला असेल. कॉम्प्युटरचं सांगता येत नाही, कारण तो जोडून देणाऱ्यानं ‘हँग होऊ नये म्हणून’ अपडेट बंद करून दिलेलं असतं. राउटर, डीव्हीआर, प्रिंटर यांना बसवल्या दिवसापासून कुणी हात लावलेला नसतो. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘चालू हाये ना, मंग कायले हात लावता?’

हे उत्तर वेडगळ नाही. मोटारपंप आणि थ्रेशर वापरून माणसं शहाणी झाली त्यातून ते आलेलं आहे. पंप बिघडला की बंद पडतो, आवाज करतो, जळका वास सोडतो. नेटवर्कमधल्या वस्तूत कुणी शिरलं तर यातलं काहीच होत नाही. बिलं निघत राहतात, कॅमेऱ्यात फाटक दिसत राहतं आणि शिरलेल्या माणसालाही तेच हवं असतं.

मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून विंडोजच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकगठ्ठा देते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे मंगळवारची रात्र असते, साडेदहाची. त्यांच्या हिवाळ्यात साडेअकराची. म्हणजे बुधवारी सकाळी शटर वर केलं की दुरुस्ती दाराशी हजर. बहुतेकांना वाटतं की धोका असतो तो दुरुस्ती येईपर्यंत. ती आली की निवांत कधीही लावली तरी चालते. प्रत्यक्षात उलट आहे. दुरुस्ती जाहीर झाली की तिच्याबरोबर भोकही जाहीर होतं. जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते जाणकाराला शोधता येतं, आणि जे बदललं तिथंच भोक होतं. काल जी गोष्ट जगात मूठभरांना माहीत होती ती आज शोधणाऱ्या कुणालाही कळते. ज्यानं दुरुस्ती लावली तो सुटला. ज्यानं नाही लावली त्याच्या घराचा नकाशा चोरांच्या हाती पडला.

२०१७ साली हे साऱ्या जगानं पाहिलं. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या एका भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चला दिली होती. ते भोक अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं स्वतःच्या कामासाठी गुपचूप जपून ठेवलं होतं. ते वापरण्याचं हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिलमध्ये इंटरनेटवर उघडं पडलं. १२ मेला, शुक्रवारी, ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस सुटला. कुणी कसल्या लिंकवर बोट ठेवण्याचीही गरज नव्हती. एका यंत्रातून तो शेजारच्या यंत्रात आपला आपण जात होता. दीडशे देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर कुलूपबंद झाले, ब्रिटनच्या दवाखान्यांनी रुग्ण परत पाठवले. मार्च ते मे म्हणजे मधले ५९ दिवस. गंमत अशी की सगळ्यांनी दोष दिला विंडोज एक्सपीला, कारण ती म्हातारी. पण कॅस्परस्की कंपनीनं नंतर मोजलं तेव्हा व्हायरस लागलेली जवळपास सगळी यंत्रं, शंभरातली ९८, विंडोज सातची निघाली. त्या यंत्रांसाठी दुरुस्ती तयार होती, फुकट होती, दोन महिने दाराशी उभी होती.

‘आमच्या दुकानात काय ठेवलंय चोरायला?’ हा यावरचा नेहमीचा प्रश्न. त्यात गृहीत असं की कुणीतरी दुकान निवडतो. कुणी निवडत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘झीमॅप’ नावाचा प्रोग्राम लिहिला. चांगलं कनेक्शन असेल तर तो एका साध्या यंत्रावरून इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे सगळे चार अब्ज पत्ते पाऊण तासात ठोठावून येतो. तिथं मुंबई काय आणि केळझर काय! दार उघडं मिळालं की प्रोग्राम आत जातो, मालकाचं नाव विचारत नाही. गावातल्या केबलवाल्याच्या फायबरवर असणाऱ्यांना यात थोडं आडोशाचं सुख आहे: बरेच पुरवठादार अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे तुमचा डबा बाहेरून थेट दिसत नाही. पण नागपूरला बसून दुकानाचे कॅमेरे पाहता यावेत म्हणून ‘स्टॅटिक आयपी’, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, घेतला आणि राउटरमध्ये पोर्ट उघडून दिला की तो आडोसा गेला.

आपली काळजी आपण घेतली तरी दुसऱ्याच्या आळसाचा भुर्दंड बसतोच. ३१ जुलै २०२४ ला देशातल्या जवळपास तीनशे छोट्या बँकांचे, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. त्यांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला होता आणि बाकीच्या जाळ्यात तो पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला तात्पुरतं तोडलं. दुसऱ्या दिवशी जोडणी परत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार चोर शिरले ते सी-एजमधून नव्हे, तिच्याशी काम करणाऱ्या आणखी एका लहान कंपनीच्या ‘जेन्किन्स’ नावाच्या सर्व्हरमधून. त्या प्रोग्राममधल्या भोकाची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्येच आलेली होती. सहा महिने एका सर्व्हरवर एक दुरुस्ती लागली नाही आणि ज्यांनी त्या सर्व्हरचं नावही ऐकलेलं नाही अशा गिऱ्हाइकांना काउंटरवर ‘सर्व्हर डाउन आहे’ ऐकावं लागलं. महाराष्ट्राच्या औद्योगिक विकास महामंडळावरही मार्च २०२१ मध्ये असाच खंडणीखोर व्हायरस आला होता आणि राज्यभरच्या कार्यालयांचं ऑनलाइन काम थांबलं होतं. मोठी संस्था म्हणजे पक्की संस्था असं काही नसतं.

पण खेड्यातल्या दुकानाचा खरा कच्चा दुवा माझ्या मते कॉम्प्युटर नाहीच. कॉम्प्युटर निदान डोळ्यासमोर असतो, काही बिनसलं तर पडद्यावर लिहून दाखवतो. राउटरला तोंडच नाही. दोन-तीन हिरवे दिवे, तेही रात्रंदिवस सारखेच.

‘मायक्रोटिक’ या लॅटव्हियातल्या कंपनीचे राउटर आपल्याकडच्या लहान इंटरनेट पुरवठादारांत आणि हॉटेलांत भरपूर आहेत. स्वस्त आणि दणकट. एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्यात एक मोठं भोक निघालं. कंपनीनं हयगय केली नाही, कळताच झटपट दुरुस्ती दिली. तरी ऑगस्टपर्यंत जगभरातले दोन लाखांवर मायक्रोटिक राउटर चोरांच्या ताब्यात गेले होते आणि त्यांच्यामागे बसलेल्या गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर नकळत कुणासाठी तरी आभासी चलन खणत होते. विजेचं बिल गिऱ्हाइकाचं, कमाई चोराची. याच प्रकरणात एका रशियन तंत्रज्ञानं भलताच उद्योग केला. त्यानं म्हणे एक लाखाहून जास्त अनोळखी लोकांच्या राउटरमध्ये त्याच भोकातून शिरून ते बुजवलं आणि आत आपला संपर्क ठेवला. त्याच्या सांगण्याप्रमाणे जेमतेम पन्नास जणांनी संपर्क केला. काहींनी आभार मानले, बहुतेकांनी शिव्या दिल्या.

त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०१७ च्या शेवटी, बीएसएनएल आणि एमटीएनएलचे साठ हजारांच्या आसपास मॉडेम बंद पडले होते. तिथं तर भोकाचीही गरज लागली नाही. मॉडेमवर कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच होता, नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’. बीएसएनएलला गिऱ्हाइकांना जाहीर विनंती करावी लागली की बाबांनो, पासवर्ड बदला. अपडेट आणि पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून सांगितल्या जातात, पण राउटरच्या बाबतीत त्या एकाच बैठकीत उरकायच्या असतात, कारण दोन्हीसाठी त्याच एका पानावर जावं लागतं: राउटरच्या तळाशी चिकटवलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये टाकायचा.

आपल्या भागाची यात एक स्वतःची भर आहे. मृगाच्या आधी विजा कडाडतात आणि दरवर्षी काही डबे जळतात. दुकान अडलेलं असतं, म्हणून केबलवाला दुसऱ्या कुणाकडून काढलेला जुना डबा आणून बसवतो. नेट सुरू झालं, सगळे खूश. पण त्या डब्यातला प्रोग्राम चार वर्षं जुना असतो. शिवाय ‘नेट चालत नाही’ म्हणून टाचणीनं मागचं रीसेटचं बटण दाबण्याची सवय सगळीकडे आहे. ते दाबलं की तुम्ही बदललेला पासवर्ड जाऊन कारखान्याचा परत येतो. म्हणून डबा बदलला किंवा रीसेट केला त्याच दिवशी दुरुस्ती आणि पासवर्ड हे काम पुन्हा करायचं. पुरवठादारानं दिलेला फायबरचा डबा काही वेळा तो दुरूनच अपडेट करतो, काही वेळा करत नाही. हे त्याला सरळ विचारावं. विकत घेतलेला राउटर असेल तर ते काम शंभर टक्के आपलं.

दुसरी गोष्ट विजेच्या लाइनची, आणि ती जास्त महत्त्वाची. राउटर किंवा डीव्हीआरचा मूळ प्रोग्राम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो बदलत असताना मध्येच लाइन गेली तर ती वस्तू अर्धवट अवस्थेत अडकते आणि बरेचदा पुन्हा सुरूच होत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण आला की लाइन कधी जाईल याचा नेम नाही. तेव्हा हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच करावं, भारनियमनाच्या वेळा टाळून, सकाळी. हात लावायला भिणाऱ्यांचं भय इथं खरंखुरं आहे आणि त्यावर इलाजही साधा आहे.

डीव्हीआरची कथा राउटरसारखीच, थोडी अधिक लाजिरवाणी. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या व्हायरसनं जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर गोळा केले. त्याच्याकडे कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, बस. त्याच्या बळावर २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. हे कुठल्या शत्रुराष्ट्रानं केलं असेल असा कयास होता; मिराय लिहिणारी निघाली विशीतली पोरं, ‘माइनक्राफ्ट’ खेळाच्या सर्व्हरांच्या धंद्यातल्या चढाओढीतून त्यांनी तो लिहिला होता. हा व्हायरस वस्तूच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो, बंद करून चालू केली की जातो आणि पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत येतो. त्यातल्या पुष्कळ डीव्हीआरांवर नावं वेगवेगळी होती, आतलं सर्किट मात्र चीनमधल्या एकाच कारखान्याचं. आपल्याकडेही हेच चालतं: वेष्टनावर ब्रँड कुणाचाही, आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नाही, मग त्याची दुरुस्ती येणार कुठून? केंद्र सरकारनं ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली. नवा कॅमेरा घेताना त्याचा उपयोग आहे. कपाटावरच्या जुन्या डब्याला काही उपयोग नाही.

आता दुसरी बाजू. अपडेटनंच घात केल्याची उदाहरणं आहेत आणि ती लपवून हा विषय सांगणं अप्रामाणिकपणा होईल. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर थांबली. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. त्याहून भयंकर प्रसंग २७ जून २०१७ चा. युक्रेनमध्ये ‘मीडॉक’ नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सगळीकडे वापरतात, आपल्याकडे टॅली वापरतात तसं. हल्लेखोर त्या कंपनीत शिरले आणि तिच्या अपडेटमध्येच त्यांनी ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस घालून दिला. ज्यानं इमानदारीनं अपडेट घेतलं तोच फसला. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत गेला आणि तिच्या मार्फत थेट उरणजवळ न्हावा-शेवा बंदरात पोहोचला. या बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्कच्याच समूहाचं. तिथलं काम ठप्प झालं, कंटेनरचे ट्रक खोळंबले. नागपूरच्या अजनीहून रेल्वेनं जाणारे विदर्भाचे कंटेनर याच बंदराला जातात.

मर्स्कला दहा दिवसांत ४५ हजार कॉम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. जगभरच्या जाळ्याची मूळ नोंदवही, कोण कर्मचारी आणि कुणाला कशाची परवानगी ही, सगळीकडे नष्ट झाली होती. एक प्रत वाचली घाना देशातल्या कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि ते यंत्र बंद पडलं होतं. भारनियमनाचा इतका मोठा फायदा इतिहासात दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

मग या उदाहरणांवरून अपडेट घ्यावं की नाही? घ्यावंच, कारण हिशेब स्पष्ट आहे. सदोष अपडेटमुळे बसणारा फटका विरळा असतो. जुन्या भोकातून होणारी चोरी रोजची असते. व्हेरायझन कंपनीच्या २०२५ च्या अहवालात तपासलेल्या चोऱ्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत चोर न बुजवलेल्या भोकातून शिरलेले होते, आणि त्यात राउटरसारख्या वेशीवरच्या वस्तूंचं प्रमाण वाढत चाललं होतं. नॉटपेट्या आत आल्यावर पसरला तोदेखील अंशतः वॉनाक्रायच्याच भोकातून. त्या भोकाची दुरुस्ती तोवर तीन महिने जुनी झाली होती. घाई मात्र सगळ्या वस्तूंना सारखी नको. राउटर आणि फोन यांचं अपडेट आलं की घ्यावं. ज्या कॉम्प्युटरवर बिलं फाडतात त्याला दोन-चार दिवस थांबवलं तर बिघडत नाही. तेवढ्यात सदोष असेल तर बोभाटा होतोच. विंडोज अकरामध्ये पाच आठवड्यांपर्यंत अपडेट पुढे ढकलता येतं, पण कायमचं बंद करण्याची जी युक्ती पोरं शिकलेली आहेत ती नको. कामाच्या वेळा सेटिंगमध्ये भरून ठेवल्या तर भर गर्दीत यंत्र आपणहून बंद-चालू होत नाही. बिचाऱ्या अपडेटला सगळ्यात जास्त शिव्या याच कारणानं पडलेल्या आहेत. दोन-तीन कॉम्प्युटर असतील तर एकानं उतरवलेलं अपडेट बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यावं अशीही सोय विंडोजमध्ये आहे, डेटा वाचतो.

क्रॅक केलेल्या विंडोजचं काय, हेही बोलायला हवं, कारण खेड्यात आणि शहरात ती सर्रास आहे. फुकटात चालू करून देणारा जो छोटा प्रोग्राम आधी चालवतात, तो चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. एवढं ऐकूनच पुढचं समजायला हवं.

आणि अपडेटच्या आधी प्रत. हिशेबाचा फोल्डर दर आठवड्याला पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर उतरवायचा आणि ती काढून ठेवायची. लावून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद करतो. टॅलीचा फोल्डर दुकानातल्या सगळ्या यंत्रांना सरसकट खुला करून दिलेला असला तर एका यंत्राचं दुखणं सगळ्यांना भोवतं. केळझरचे लोक आपल्या गावाला महाभारतातली एकचक्रानगरी मानतात. त्या कथेत बकासुराला रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस द्यायचा करार होता आणि करार पाळूनही गाव सुटलेलं नव्हतं. खंडणी भरणाऱ्या व्यापाऱ्याची अवस्था तीच होते. पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी नाही, मिळाली तरी सगळ्या फाइली उघडतीलच असं नाही, आणि ‘हा देतो’ ही माहिती चोरांच्या बाजारात विकली जाते.

काही वस्तूंना दुरुस्ती येणंच बंद होतं. विंडोज दहाच्या मोफत दुरुस्त्यांचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत आहे, ऑक्टोबर २०२६ पर्यंत; व्यवसायांना तीच मुदत पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलरला मिळते आणि दर दुप्पट होत जातो. विंडोज अकरा जुन्या यंत्रांवर रीतसर चढत नाही. बिलिंगसाठी ठेवलेला आठ-दहा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर यातच अडकतो. आधारच्या अंगठा-यंत्रांतही हेच झालं: जुन्या ‘एल-झिरो’ यंत्रात ठशाला कुलूप लागायचं ते जोडलेल्या फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, नव्या ‘एल-वन’मध्ये ते यंत्राच्या आतल्या सुरक्षित कप्प्यातच लागतं. हा फरक कुठल्या अपडेटनं भरून निघणारा नव्हता, म्हणून यंत्रं बदलावी लागली. दुकानदारांची कुरकुर रास्त, बदल त्याहून रास्त.

बदलायला पैसे नसतील तर निदान वेगळं करावं. आजकालच्या बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय चालू करता येतं. महामार्गावरच्या ढाब्यानं गिऱ्हाइकांना द्यायचा पासवर्ड त्या जाळ्याचा द्यावा, बिलिंगच्या जाळ्याचा कधीच नाही. कॅमेरे वायफायवर चालणारे असतील आणि त्यांना दुरुस्ती येणं थांबलं असेल, तर तेही पाहुण्यांच्या जाळ्यात टाकावेत. घरात ठेवायला लागले तरी त्यांना माजघरात घ्यायचं कारण नाही.

एवढं वाचून कुणी फोनवर आलेली ‘अर्जंट अपडेट’ची लिंक उघडू नये म्हणजे मिळवली. व्हॉट्सॲपवर पीएम-किसान, आरटीओ चलान, बँकेची केवायसी अशा नावांनी एपीके, म्हणजे ॲप बसवणाऱ्या, फाइली फिरतात. त्या उघडून बसवल्या की मेसेज वाचण्याचा अधिकार चोराकडे आणि खातं रिकामं. ब्राउझरवर ‘तुमचं क्रोम जुनं झालं’ म्हणून उडी मारणारी पाटीही त्याच जातीची. अपडेट फोनच्या आणि कॉम्प्युटरच्या सेटिंगमधून, प्ले स्टोअरमधून किंवा कंपनीच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यायचं. तरीही पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा, जितका उशीर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी. यंत्रात काही शिरल्याचा संशय असेल तर सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर साफसफाईची साधनं मोफत आहेत, २०१७ पासून.

राहिला शीर्षकातला प्रश्न. दुकानदाराचा दिवस खतं, बियाणं, उधारी आणि शेतकऱ्यांच्या तक्रारींत जातो. राउटरच्या पानावर जाण्याची त्याच्याकडून अपेक्षा करणं मला खरं वाटत नाही. कॅमेरेवाला फक्त कॅमेरे पाहतो, केबलवाला फायबरपर्यंत येतो, बिलिंगवाला त्याच्या प्रोग्रामपुरता. प्रत्येकाची हद्द जिथं संपते तिथंच दुरुस्त्या पडून राहतात. त्यावर गावात चालेल असा तोडगा म्हणजे रस्त्यावरच्या सहा-सात दुकानांनी मिळून एक माणूस ठरवणं. हे काम येणारी मुलं आता सेलूत आहेत, केळझरातही असतील. बिघाड झाला की त्यांनाच बोलावतात आणि तेव्हाच पैसे देतात, हीच अडचण आहे. त्याऐवजी बिघाड नसतानाचे पैसे द्यायचे. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या शनिवारी त्यानं यावं, लाइन आहे तोवर दुकानागणिक वस्तू तपासाव्यात, कोणती कोणत्या तारखेला अपडेट झाली आणि कोणत्या वस्तूची दुरुस्ती येणं बंद झालं हे वहीत लिहावं आणि मालकाची सही घ्यावी. राउटर, डीव्हीआर आणि कॉम्प्युटरचे पासवर्ड त्याच्या फोनमध्ये राहता कामा नयेत. एका पाकिटात, मालकाच्या तिजोरीत. तो मुलगा उद्या नोकरीला पुण्याला गेला तर दुसऱ्याला वही आणि पाकीट देऊन काम पुढं चालू ठेवता येईल, आणि तो गेला त्याच दिवशी पासवर्ड बदलायचे, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.